व्हॉल्व्ह गाईड झिजल्याबद्दल आणि माझे डोके ठिकाणावर असल्याबद्दल

मी, कुमारी भागीरथा नारायण गावंडे, वय एकसष्ट, मुलींच्या शाळांची सेवानिवृत्त तपासनीस, राहणार यवतमाळ, दारव्हा रस्ता, जुन्या जिनिंगच्या आवारासमोर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, कुणी न सांगता आणि कुणाला न भिता लिहून ठेवते. आज माझी प्रकृती ठणठणीत आहे आणि डोके ठिकाणावर आहे.

हे शेवटचे वाक्य लोक रिवाज म्हणून लिहितात आणि पुढे जातात. मला तसे पुढे जाता येत नाही. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा चि. सदाशिवराव, जो इथल्या कोर्टात वकिली करतो, त्याने गेले वर्षभर गावात सांगितले आहे की आत्याबाईंचे डोके फिरले. पुरावा म्हणून तो माझ्या मोटारीकडे बोट दाखवतो. सबब आधी मोटारीविषयी लिहिणे भाग आहे. वाटणी त्यानंतर. ज्यांना वाटणीचीच घाई आहे त्यांनी शेवटच्या पानाकडे उडी मारू नये; पाने मी शिवून ठेवली आहेत.

मसुदा वकिलाकडून का करवून घेतला नाही असे कुणी विचारेल. आमच्या घराण्यात वकील एकच आहे आणि हे त्याच्याचविरुद्ध लिहायचे आहे.

कलम पहिले. माझी मोटार लाल रंगाची, बिनछपराची, दोनच माणसे बसतील अशी, शर्यतीच्या धाटणीची इंग्रजी मोटार आहे. कापसाच्या प्रेसचे गोरे मॅनेजर देश सोडून निघाले तेव्हा त्यांनी ती मला विकली. गावात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. मोठमोठ्या मालगुजारांनी ती पाहिली आणि म्हणाले, जिच्यात बायको, पोरे आणि सरकीचे पोते मावत नाही ती मोटार कसली. मला बायको नव्हती, पोरे नव्हती आणि सरकीशी माझा संबंध नव्हता. मोटार माझ्या मापाची होती.

या मोटारीने मी बाभुळगावपासून मुकुटबनपर्यंत शाळा तपासल्या. मी येते आहे हे शाळांना आवाजावरूनच कळे, त्यामुळे माझ्या कारकिर्दीत एकही मास्तरीण वर्गात झोपलेली सापडली नाही. एका वरिष्ठ साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात शेरा मारला होता की सदरहू वाहन स्त्री-अधिकाऱ्यास शोभत नाही. त्या साहेबांना मी माझी क्षमा ठेवून जाते. ती त्यांनी माझ्या मृत्यूनंतर माझ्याकडे येऊन मागावी.

कलम दुसरे, आजाराचे. गेल्या वर्षी मोटार निळा धूर सोडू लागली. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळते आहे. ऑईलला सिलिंडरात शिरायला दोन वाटा असतात. खालून, पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर. किंवा वरून, व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीतून खालीवर होतो ती नळी झिजून सैल झाली तर. या नळीला गाईड म्हणतात. रोग खालचा असेल तर सारे इंजिन बाहेर काढावे लागते आणि माझ्यासारख्या जुन्या मोटारीचे ते बहुधा परत आत जात नाही. रोग वरचा असेल तर नुसते हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडून गाईड बदलले की झाले. म्हणजे नेमका रोग कोणता, यावर मोटारीचे जगणे अवलंबून होते.

रामराव मिस्त्री, ज्यांचे मोटार स्टँडमागे गॅरेज आहे, त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "रिंगा गेल्या, बाई."

मी म्हटले, "अजून इंजिन सुरू केलेले नाही. कसे कळले?"

"सगळ्याइच्या रिंगाच जातेत. ट्रकच्या जातेत, जीपच्या जातेत. तुमची काय आसमानातून आली काय?"

आता नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला एक आयरिश सिस्टर होत्या. भागीरथा हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना म्हणून त्यांनी माझे बर्था केले, आणि त्याबद्दल मी त्यांच्यावर दोन वर्षे रुसले होते. पण प्रार्थनेचा हार्मोनियम फुसफुसू लागला की त्या एकही स्क्रू काढू देत नसत. आधी कान लावायचा. भाता दाबल्यावर फुसफुसतो की सोडल्यावर? एक पट्टी दाबल्यावर की सगळ्या? कधी, हे कळले की कुठे, हे आपोआप कळते, असे त्यांचे म्हणणे. नाव त्यांनी मोडले, सवय मात्र चांगली लावली.

तेव्हा मी धूर कधी निघतो ते पाहू लागले. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना एक झुळूक निघे आणि थांबे. चढावर, इंजिनावर सगळा भार असताना, काहीच निघत नसे. रिंगा गेल्या असत्या तर तिथेच सर्वांत जास्त निघाला असता. लांब उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून खाली आले आणि पायथ्याशी पुन्हा पाय दाबला की मात्र मागे असा लोट उठे की आरशात दारव्हा रस्ता दिसेनासा होई. कारण सरळ आहे. पाय उचललेला असतो तेव्हा हवेची वाट बंद असते, इंजिन जोराने ओढ घेते, हवा मिळत नाही म्हणून सैल गाईडमधून वरचे ऑईल ओढून घेते. पुन्हा पाय दाबला की ते जळते. दारे-खिडक्या लावून चूल पेटवली की फटीफटीतून वारा आत ओढला जातो हे जिने पाहिले आहे तिला हे समजायला इंजिनियर व्हावे लागत नाही.

या तपासासाठी मला रोज उतार उतरावा लागे. दारव्हा रस्त्यावर, आमच्या व्हरांड्यातून दिसेल इतक्यावर, एक लांब उतार आहे. सरकारी नकाशात त्याला घाट म्हणत नाहीत, मी म्हणते. त्याच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा आहे. पावसाळ्यात तिथे गोमाश्या आणि चिलटे इतकी असतात की संध्याकाळी जनावरांसाठी कडुनिंबाचा ओला पाला आणि गोवऱ्या पेटवून धूर करावा लागतो. ओला पाला धूर धरायला वेळ घेतो. माझा तयार मिळे.

एकदा मी पायथ्याशी पाय दाबला आणि मागून तांड्यातली धनीबाई ओरडली, "ओ बाई! उद्या येजा बरं! भुरी आज पयल्यांदा उभी राह्यली शांत!"

भुरी म्हणजे तिची म्हैस. मी म्हटले, "मी इंजिन तपासायला येते, भुरीसाठी नाही."

"तुमी कायलेही या. पण येजा."

दुसऱ्या दिवशी तिथे भुरी आणि तिच्या दोन बहिणी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आठवड्याभरात तांड्यातली सगळी जनावरे ओळीने उभी राहू लागली. माझा तपास आणि त्यांची सोय एकाच जागी होत असे. यात वेडेपणा कुठे आहे ते मला अद्याप कुणी दाखवलेले नाही. पण सदाशिव दारव्ह्याचे काम आटोपून परत येत होता, त्याने जीपमधून हे पाहिले. माझ्या घरी येऊन म्हणाला, "आत्याबाई, म्हशींना धुरी द्यायला तुम्ही पेट्रोल जाळता?"

मी त्याला ऑईल आणि पेट्रोल यांतला फरक सांगू लागले. त्याने बरोबर आलेल्या बेबीताईकडे, म्हणजे आपल्या बायकोकडे, पाहून मान हलवली. माणूस डॉक्टरच्या दारात हलवतो तशी.

कलम तिसरे, पळीचे. रिंगा शाबूत आहेत हे सिद्ध करायला एक सोपी परीक्षा आहे. प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडे ऑईल आत सोडायचे, प्लग परत लावायचे आणि इंजिनाचे पुढचे हँडल फिरवून पाहायचे. रिंगा सैल असतील तर ऑईलने फट भरते आणि हँडल पूर्वीपेक्षा जड लागते. जड लागले नाही तर रिंगा चांगल्या. ऑईल मोजून सोडायला मला लांब दांड्याचे काहीतरी हवे होते. घरात आईची तांब्याची पूजेची पळी होती. मी आंघोळ करून आले होते, केस मोकळे होते, आणि चार भोकांत एकेक पळी सोडत होते. शेजारच्या दोघी कुंपणापलीकडून पाहत होत्या. थोड्या वेळाने त्या हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. एकीने मोटारीच्या नाकाला कुंकू लावले. दुसरीने हाताचा द्रोण करून माझ्यापुढे धरला.

मी तिच्या हातावर ऑईल घातले नाही, हे माझ्या संयमाचे उदाहरण म्हणून इथे नोंदवते.

हँडल मुळीच जड लागले नाही. रिंगा चांगल्या होत्या. पण ऐकायला कुणी नव्हते. फाटकात सदाशिव उभा होता. संध्याकाळपर्यंत बाररूममध्ये बातमी गेली की दसरा नाही, पाडवा नाही आणि गावंडे वकिलांच्या आत्याबाई मोटारीला तीर्थ पाजतात.

त्यानंतर त्याने बेत सांगितला. मोटार भंगारवाल्याला द्यायची. घराला कुलूप लावायचे. मला त्याच्या मागच्या खोलीत न्यायचे, जिथे तो निकाल लागलेल्या खटल्यांचे गठ्ठे ठेवतो. "तिथे हवा चांगली येते," तो म्हणाला. मी त्या खोलीत एकदा गेले आहे. तिथे वाळवी चांगली येते.

कलम चौथे, परीक्षेचे. मी अक्षम आहे असा दाखला घेण्यासाठी त्याने डॉ. पिंपळखुटे यांना माझ्या व्हरांड्यात आणले. रामराव मिस्त्रींनाही आणले, रिंगांची साक्ष द्यायला. डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, देशाची राजधानी विचारली. मी राजधानी सांगून त्यांना भूगोलातले, डहाणूला काय पिकते ते विचारले, तेव्हा त्यांनी वही मिटली.

"नाडी उत्तम आहे," ते सदाशिवला म्हणाले. "आता हे गाईड का काय, ते खरे असेल तर बाई शहाण्या. खोटे असेल तर मग बघू. पण मी छाती तपासतो, मोटार नाही."

"ठरलं," सदाशिव म्हणाला. "रिंगा निघाल्या तर आत्याबाई माझ्या घरी येतील आणि मोटार भंगारात जाईल. गाईड निघाले तर त्यांचं डोकं ठिकाणावर आहे असं मी लेखी देतो आणि त्यांच्या कुठल्याही व्यवस्थेच्या आड येत नाही."

मी कबूल केले. माझे घर, माझी मोटार आणि माझी अक्कल, तिन्ही मी एका नळीच्या झिजेवर लावली.

तेवढ्यात कपबशा गोळा करणाऱ्या बेबीताईने विचारले, "पण आत्याबाई, धूर चढताना निघते का उतरल्यावर?"

व्हरांड्यात एक वकील, एक डॉक्टर आणि एक मिस्त्री बसले होते. वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मोटारीत दोनच जागा, म्हणून शेजारी डॉक्टर बसले. रामराव चढाच्या मध्यावर उभे राहिले. सदाशिव पायथ्याशी उभा राहिला, पांढऱ्या कोटात, आणि त्याच्या डाव्या हाताला म्हशींची नेहमीची ओळ. आम्ही आधी चढ चढलो. धूर नाही. रामराव ओरडले, "नाही निघून राह्यला!" वर वळून पाय उचलला आणि अख्खा उतार उतरलो. धूर नाही. डॉक्टरांनी डोळे मिटले होते. पायथ्याशी मी पाय दाबला.

सदाशिव दिसेनासा झाला. म्हशी दिसेनाशा झाल्या. त्या निळ्या ढगातून धनीबाईचा आवाज आला, "सरका ना वकीलसाहेब, भुरीले लागू द्या!"

मग खोकला, आणि खोकल्यातून सदाशिवचा आवाज. "निघाला! धूर निघाला! म्हणजे रिंगाच!"

रामराव तोवर उतरून आले होते. डोके खाजवत म्हणाले, "रिंगा असत्या तं चढावर निघाला असता जी."

"तुम्ही माझे साक्षीदार आहात की त्यांचे?"

"मी मिस्त्री आहो जी."

कलम पाचवे. सदाशिवचे समाधान झाले नाही. "उघडून दाखवा," तो म्हणाला. म्हणून व्हरांड्यातच हेड उघडले. मी आणि रामराव पाने चालवत होतो. दिवा धरायला बेबीताई रोज दुपारी येऊ लागली, आणि तिसऱ्या दिवसापासून दिवा रामरावांच्या हातात आणि पाना तिच्या हातात होता. स्प्रिंगा काढल्यावर मी प्रत्येकाला व्हॉल्व्हचा दांडा बोटाने हलवून पाहायला लावले. पडायला आलेल्या दातासारखा तो हलत होता. डॉक्टरांनी हलवला आणि म्हणाले, "हा काढावाच लागेल." तांड्याचे नाईक लालसिंग यांनी हलवला. शेजारणीने हलवला आणि बोट कपाळाला लावले.

सदाशिव म्हणाला, "थोडं तर हलणारच."

मी मुंबईहून मागवलेला नवा गाईड घेतला, तोच दांडा त्यात घातला आणि त्याच्या हातात दिला. हलला नाही. सदाशिवने दोन्ही खाली ठेवले. वकिलाने पुरावा खाली ठेवला म्हणजे तो मान्य केला असे नव्हे. तो तारीख मागतो. त्याने आठ दिवस मागितले. ते आज संपतात.

दरम्यान तांड्यातून शिष्टमंडळ आले. पुढे लालसिंग नाईक, मागे धनीबाई.

"बाई, धूर बंद करून राह्यल्या म्हणते?" धनीबाई म्हणाली. "मंग म्हशीनं काय करावं?"

"इंजिन बरे करायचे की आजारी ठेवायचे?" मी विचारले.

"थोडंसं आजारी ठेवता येत नाही काय?"

नाईक म्हणाले, "बाई, मोटार तुमची, मले मान्य. पण जनावराले सवय लागली. पंचापुढे आला असता तं मी म्हटलं असतं, बदली काही तरी द्या." हे म्हणणे मला रास्त वाटले. गाईड मी बदलले आहेत. बदलीची व्यवस्था पुढच्या कलमात आहे.

कलम सहावे, वाटणीचे. माझे राहते घर माझ्या पश्चात चि. सदाशिवराव याला मिळावे. त्याचे माझ्याशिवाय दुसरे कुणी वडीलधारे उरलेले नाही आणि त्याच्या मागच्या खोलीत वाळवी आहे. परंतु अट अशी की, दर पावसाळ्यात, आजपासूनच, रोज संध्याकाळी त्याने स्वतः उताराच्या पायथ्याशी जाऊन ओला पाला आणि गोवऱ्या पेटवून तांड्यातील जनावरांना धूर द्यावा. गडी पाठवू नये. धूर पुरेसा झाला की नाही हे तांड्याचे नाईक ठरवतील आणि त्यांच्या निर्णयावर वरच्या कोर्टात अपील चालणार नाही. कसूर झाल्यास घर मुलींच्या वसतिगृहाला जावे.

पोस्टातील शिल्लक मुलींच्या शाळेला. त्यातून एक जुने इंजिन विकत घेऊन वर्गात ठेवावे आणि मुलींनी ते दरवर्षी उघडून पुन्हा जोडावे. एखादा नट उरला तरी शाळेने घाबरू नये.

पान्यांची पेटी रामराव मिस्त्रींना. त्यांनी यापुढे इंजिन सुरू केल्याशिवाय रोग सांगू नये. आईची पळी धुऊन देवघरात ठेवली आहे. ती शेजारणीला द्यावी, तिला तीर्थाची घाई असते.

मोटार सौ. बेबीताई सदाशिवराव गावंडे हिला द्यावी. सदाशिवला शेजारी बसण्याची मुभा आहे, बोलण्याची नाही.

वरील ओळ रद्द. कारण लिहिते. ही ओळ मी आज सकाळी बेबीताईला वाचून दाखवली. मला वाटले ती डोळ्यांना पदर लावेल.

ती म्हणाली, "मेल्यावर कायले, आत्याबाई? तुमी काही लवकर जात नाही. तवरिक मी म्हातारी होईन, अन् मोटारही."

जिनिंगच्या मोकळ्या आवारात मी तिला या आठ दिवसांत गिअर शिकवले आहेत. ती क्लच माझ्यापेक्षा हळुवार सोडते. मी गेल्यावर मोटारीला कोण ओळखील ही एकच काळजी मला हे सगळे लिहायला लावत होती, आणि ती काळजी समोर उभी राहून किल्ली मागत होती. मी किल्ली दिली. सबब मोटार आजपासून माझ्या मालमत्तेत नाही आणि ती या मृत्युपत्रात येत नाही.

माझ्या सहीपूर्वी घडलेले नोंदवते. सदाशिव ठरल्याप्रमाणे दुपारी आला. पाने शिवलेली असल्यामुळे त्याला पहिल्यापासून वाचावे लागले. तो हातात पेन्सिल घेऊन कायद्याच्या चुका शोधत दुसऱ्या पानापर्यंत आला असेल, तेवढ्यात बाहेर मोटार सुरू झाली.

"आत्याबाई, तुम्ही तर इथं आहात," तो म्हणाला. "मग ती कोण चालवून राह्यली?" रागावला की त्याचे कोर्टाचे मराठी सुटते.

"मालकीण," मी म्हटले.

त्याने खिडकीतून पाहिले. फाटकातून लाल मोटार वळत होती आणि तिच्यात मोरपंखी लुगडे होते. "बेबी! अवं बेबी!" तो ओरडला आणि दाराकडे निघाला. मी दारात उभी होते, लेखणी घेऊन. त्याने एकदा लेखणीकडे पाहिले, एकदा रस्त्याकडे, आणि भिंतीवर कागद टेकवून, मी आधीच लिहून ठेवलेल्या कबुलीखाली सही केली.

लालसिंग नाईकांबरोबर साक्षीला आलेले डॉक्टर म्हणाले, "त्यांनी शेवटचं पान वाचलं नाही."

लालसिंग नाईक म्हणाले, "सही तं केली ना."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी समजून उमजून लिहिले, यापूर्वीचे माझे असे कोणतेही लिखाण असल्यास ते रद्द समजावे, आणि याखाली साक्षीदारांसमक्ष, त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

मुक्काम यवतमाळ, रविवार, दिनांक ८ सप्टेंबर १९६३.

(सही) भागीरथा नारायण गावंडे

आत्याबाईंचे डोके ठिकाणावर आहे. झीज गाईडची होती. त्यांनी केलेली संपूर्ण व्यवस्था व त्यातील सर्व अटी मला मान्य आहेत.
(सही) सदाशिवराव गावंडे, वकील

साक्षीदार पहिले: लालसिंग नाईक, तांडा, दारव्हा रस्ता. दांडा मी हातानं हलवला. हलत होता. बाईनं माह्यासमोर सही केली. वकीलसाहेबाइनं पाला उद्यापासून आणावा, आजचा आमी केला.
(निशाणी अंगठा)

साक्षीदार दुसरे: डॉ. पिंपळखुटे. सदरहू बाईंची मी आज तपासणी केली. नाडी, छाती, स्मरण उत्तम. मन पूर्ण शाबूत. मोटार चढावर जाताना मी व्हरांड्यातून पाहिली, उतरून परत आली तेव्हाही पाहिली, धूर नाही. चि. सदाशिवराव यांच्या मनःस्थितीविषयी मात्र दाखला देता येत नाही, कारण सही झाल्यापासून ते एका पायात जोडा घालून मोटारीमागे धावत आहेत.
(सही)